शेवटची दहा मिनिटं

शनिवारी दुपारी तीन वाजता थॉर्नबेक टाउन क्लबचा फुटबॉल हंगामातला पहिला सामना सुरू झाला, तेव्हा हेडली थॅकरेच्या उजव्या हाताची खुर्ची रिकामी होती.

ऊन छान पडलं होतं. मे महिन्यात ज्यांनी पुन्हा या मैदानात पाऊल टाकणार नाही अशा शपथा घेतल्या होत्या, ते सगळे नवे हिरवे शर्ट घालून आपापल्या जागी येऊन बसले होते. गुणतक्त्यात सगळेच संघ शून्यावर होते आणि थॉर्नबेकला असा मान वर्षातून एकदाच मिळतो. मागच्या रांगेतल्या क्लेमने तिसऱ्याच मिनिटाला जाहीर केलं की यंदा आपण वरच्या विभागात जाणार. अकराव्या मिनिटाला पाहुण्या मार्शम संघाने गोल केला, तेव्हा याच क्लेमने प्रशिक्षकाला हाकलून द्या म्हणून आरोळी ठोकली. म्हणजे सगळं नेहमीसारखं चाललं होतं. फक्त शेजारी आला नव्हता.

त्याला हेडली ‘शेजारी’ म्हणायचा आणि तोही हेडलीला ‘शेजारी’च म्हणायचा. एकोणीस वर्षांपूर्वी हा स्टँड नवा बांधला, तेव्हा दोघांच्या वार्षिक तिकिटांवर लागून लागून खुर्च्या आल्या. उंच, किडकिडीत माणूस. डोक्यावर क्लबची हिरवी टोपी, बुडाखाली घडी केलेलं वर्तमानपत्र. बोलणं कमी. आणि ऐंशीवं मिनिट झालं की सामना कुठेही असो, तो वर्तमानपत्र काखेत मारायचा, हेडलीच्या गुडघ्यावर दोन बोटं टेकवायचा आणि म्हणायचा, “येतो शेजारी. बस आहे.”

पहिल्याच वर्षी तो असा निघून गेला आणि शेवटच्या सात मिनिटांत दोन गोल झाले. पुढच्या सामन्याला आल्या आल्या त्याने हेडलीकडे वळून एवढंच विचारलं, “मग?” हेडलीने निकाल सांगितला. तो म्हणाला, “निकाल मला कळला. कसं झालं ते सांगा.” तेव्हापासून तो रिवाजच पडला. सामना सुरू होण्याआधी पंधरा मिनिटं दोघं येऊन बसायचे आणि हेडली मागच्या सामन्याची उरलेली दहा मिनिटं सांगायचा. पहिल्या पहिल्यांदा त्याला सांगता यायचं नाही. कोणी कोणाला पास दिला, कोण कुठे उभं होतं, सगळ्याचा काला व्हायचा. मग तो ती दहा मिनिटं लक्ष देऊन बघायला लागला. बाकीची ऐंशी मिनिटं तो स्वतःसाठी बघायचा, शेवटची दहा त्या माणसासाठी. कंटाळवाण्या सामन्यातही शेवटी काहीतरी सांगण्यासारखं घडू दे, असं त्याला मनापासून वाटायचं. काहीच घडलं नाही तर गोलरक्षकाने हातमोजे किती वेळा काढले आणि घातले तेही तो सांगायचा. शेजारी तेही ऐकून घ्यायचा.

मेमधल्या शेवटच्या सामन्यात थॉर्नबेकला विभागात टिकून राहायला निदान बरोबरी हवी होती. ऐंशीव्या मिनिटाला संघ एका गोलने मागे होता. त्या दिवशी तरी हा उठणार नाही, असं हेडलीला वाटलं होतं. पण गुडघ्यावर बोटं टेकली आणि तो गेला. जादा वेळेच्या दुसऱ्या मिनिटाला कॉर्नर मिळाला. आपला डावा बचावपटू डूली, ज्याने सबंध कारकिर्दीत एकही गोल केला नव्हता, तो गर्दीत पाठमोरा उभा होता. चेंडू त्याच्या मानेवर आपटला आणि जाळ्यात गेला. डूलीला कळलंच नाही. सगळे अंगावर येऊन पडले तेव्हा तो पंचाकडे फाऊल मागत होता.

असा गोल सांगायला मिळणं हे हेडलीच्या दृष्टीने गोल होण्याइतकंच मोठं होतं. सगळा उन्हाळा तो ती गोष्ट मनात घासूनपुसून लखलखीत करत होता. वाटाण्याच्या वेलांना पाणी घालताना तो पुटपुटायचा. कॉर्नरपासून सुरुवात करायची की डूली बदली म्हणून आत आला तिथपासून, हे त्याचं जुलै आला तरी ठरत नव्हतं. त्याची बायको एव्हिस एकदा म्हणाली, “तो मनुष्य आहे तरी कोण? नाव काय त्याचं?”

“शेजारी.”

“एकोणीस वर्षं मांडीला मांडी लावून बसता आणि नाव माहीत नाही? तीस वर्षं पोस्टमन होतात ना तुम्ही?”

अर्ध्या गावाची नावं आणि दारं हेडलीला पाठ होती. कोणाच्या घरी कोणता कुत्रा चावतो तेही त्याला माहीत होतं. पण मैदानात नाव विचारण्याचा प्रश्नच कधी आला नाही. पेनल्टीच्या वेळी हा माणूस श्वास रोखून धरतो, हरल्यावर डावा खांदा खाजवतो, एवढं माहीत असल्यावर नावाने आणखी काय कळणार होतं?

विसाव्या मिनिटाला चाळिशीची एक बाई खायला घेतलेली गरम पाई हातात सांभाळत, लोकांचे पाय तुडवत आली आणि त्या खुर्चीवर बसली.

हेडली म्हणाला, “अहो, तिथे माणूस आहे.”

बाईने आपल्या खाली बघितलं. “कुठे? मला तर नाही दिसला.”

“येईल. उशीर झाला असेल.”

तिने पाई मांडीवर ठेवून वार्षिक तिकीट काढून दाखवलं. रांग तीच, खुर्ची तीच. गेल्याच महिन्यात नोकरीसाठी ती या गावात आली होती आणि ओळखी व्हाव्यात म्हणून तिने हे तिकीट घेतलं होतं. हे सांगून ती हसली आणि म्हणाली, “सुरुवात तर झकास झाली.”

हेडली ओशाळला. पण पुढची वीस-पंचवीस मिनिटं त्याला चेंडू दिसला नाही. जुन्या माणसाने जूनपर्यंत तिकिटाचं नूतनीकरण केलं नाही तरच खुर्ची दुसऱ्याला जाते, हे त्याला ठाऊक होतं. मध्यंतराला तो खाली तिकीट-खिडकीवर गेला. तिथल्या मुलीने विचारलं, कोणाबद्दल हवंय, नाव काय? नाव नाही म्हटल्यावर तिने त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं आणि नाव असतं तरी सांगता आलं नसतं, असं म्हणाली.

परत येताना क्लेमने गाठलं. क्लेमच्या मते तीन शक्यता होत्या. पहिली, तो मुलीकडे स्पेनला गेला. मुलगी आहे का, हे अर्थात क्लेमला माहीत नव्हतं. दुसरी, मेमधला तो गोल बघायचा हुकल्यावर लाजेने येत नसेल. तिसरी त्याने बोलून दाखवली नाही, फक्त टोपी काढून पुन्हा डोक्यावर ठेवली.

उत्तरार्धात थॉर्नबेकने बरोबरी साधली. गोल केला एका नव्या पोराने; कोणाला अजून त्याचं नाव नीट घेता येत नव्हतं, पण सगळे ते ओरडत होते. शेजारची बाई उभी राहून ओरडली आणि मग तिने हेडलीला विचारलं की आपण नक्की कोणाचं नाव घेतोय. हेडलीने सांगितलं. तिला खेळातलं बरंच कळत होतं, हे त्याच्या तोवर ध्यानात आलं होतं. बाई वाईट नव्हती. राग खुर्चीचाच होता, आणि खुर्चीचा तरी काय दोष.

पंचाहत्तरावं मिनिट गेलं. आता लक्ष देऊन बघायची वेळ झाली होती आणि कोणासाठी बघायचं हा प्रश्न होता. ऐंशीव्या मिनिटाला त्याचं लक्ष स्वतःच्या गुडघ्याकडे गेलं. तिथे कोणी बोटं टेकवली नाहीत. हेडली उठला.

मागून क्लेम म्हणाला, “काय रे, बरं वाटत नाही का?”

“बस आहे,” हेडली म्हणाला.

क्लेमचं तोंड उघडंच राहिलं. एक-एकची बरोबरी, दहा मिनिटं बाकी, आणि हेडली थॅकरे उठून निघालाय, हे त्या रांगेने कधी पाहिलं नव्हतं. बाईने पाय आखडून वाट करून दिली. दोन पावलं जाऊन हेडली मागे वळला.

“नाव काय तुमचं?”

“ऑड्रा.”

“मी हेडली. उरलेलं नीट बघून ठेवा. पुढच्या सामन्याला मला सांगायचं.”

“निकाल तर तुम्हाला कळेलच की.”

“निकाल नको. कसं झालं ते.”

मैदानाबाहेर त्या वेळी चिटपाखरू नव्हतं. थांब्यावर एकच बस येते, चार नंबरची, हे त्याने पोस्टात असताना हजारदा पाहिलं होतं. पण ती जाते तो टेकडीपलीकडचा भाग त्याच्या टपालवाटपाच्या हद्दीत कधीच नव्हता. बस आली. त्याने ड्रायव्हरला विचारलं, शनिवारी याच वेळी चढणारा एक उंच माणूस आठवतो का, हिरव्या टोपीचा.

“टोपीवर नका सांगू काका, अख्खं गाव ती टोपी घालतं,” ड्रायव्हर म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, “काखेत पेपर असायचा तो?”

“तोच.”

“मॉसगेटला उतरायचा. तिथे ते म्हाताऱ्यांचं शुश्रूषागृह आहे ना, त्याच्या दारात. पाचला भेटायची वेळ संपते म्हणून घाई असायची त्याला. मी कधी दोन मिनिटं उशिरा आलो की घड्याळ दाखवायचा.”

“आणि आता?”

“उन्हाळ्यात दिसला नाही. पण उन्हाळ्यात मीही महिनाभर दुसऱ्या मार्गावर होतो.”

हेडली खिडकीशी बसला. तिथे आत कोण होतं? बायको, भाऊ, आई तर नक्कीच नसेल. एकोणीस वर्षं हा माणूस रंगात आलेल्या सामन्यातून उठून कोणापाशी तरी जाऊन बसत होता, आणि आपण त्याला डूली आणि हातमोजे सांगत होतो. की तो तिथे जाऊन पहिली ऐंशी मिनिटं कोणाला तरी सांगत होता? बस चढाला लागली तेव्हा मैदानाच्या बाजूने मोठा आवाज उठला. गोल झाला होता एवढं नक्की. कोणाचा, ते इतक्या लांबून कळत नव्हतं. बसमधल्या कोणीही मान वळवली नाही. हेडलीनेही बेल दाबली ती मॉसगेट आल्यावरच.

शुश्रूषागृहाच्या दाराशी टेबलामागे एक तरुण बाई होती. भेटायची वेळ संपत आली होती आणि आत चहा चालू होता. कोणाला भेटायचंय, असं तिने विचारलं. हेडलीने पुन्हा तेच सांगितलं, उंच, किडकिडीत, हिरवी टोपी, नाव माहीत नाही. तो कोणाला भेटायला येत असे की स्वतःच इथे राहतो की यातलं काहीच आता नाही, तेही माहीत नाही.

ती वैतागेल असं त्याला वाटलं होतं. ती म्हणाली, “नातं काय तुमचं?”

“शेजारी.”

“हिरव्या टोपीचे आमच्याकडे दोघं राहतात. जेवतानाही काढत नाहीत. एक सारखे बोलतात, दुसरे जुलैमध्ये आलेत, ते अवाक्षर बोलत नाहीत. तुमचे कोणते?”

हेडलीने विचार केला.

“माझे ऐकतात,” तो म्हणाला.

ती उठली. ते न बोलणारे आत्ता कोणाला भेटायला तयार होतील असं तिला वाटत नव्हतं, पण विचारून बघते म्हणाली. काय निरोप देऊ?

“विचारा, ‘मग?’” हेडली म्हणाला. “एवढंच विचारा.”

ती आत गेली आणि तिच्यामागे दार लागलं. हेडली बाकावर बसला. कपाटावरच्या रेडिओवर दिवसाचे निकाल वाचणं सुरू झालं होतं. वरचे विभाग आधी येतात, थॉर्नबेकचा यायला वेळ होता. कॉर्नरपासून नको, डूली बदली म्हणून आत आला तिथपासूनच सुरुवात करायची, हे त्याचं तिथे बसल्या बसल्या ठरलं.

पाच वाजून दहा मिनिटांनी, भेटायची वेळ संपून गेल्यावरही, तो बाकावरच होता. दार अजून उघडलं नव्हतं.