सायकलीचा सौदा

तुमाला म्हनून सांगतो, आमच्या सूनबाईचं, पूनमचं, उत्तर कायम ठरलेलं. काय बी विचारा, "तुम्ही म्हणाल ते." भाजी कुठली करायची? तुम्ही म्हणाल ती. दिवाळीला साडी कुठल्या रंगाची? तुम्ही म्हणाल त्या. लगीन होऊन निघोज्यात आल्यापासनं ह्या पोरीनं आमच्यापाशी सोताहून कायबी मागितलं न्हाई. लोक म्हनत्यात, दौलतराव, नशीब काढलंत. कसलं नशीब, डोंबलाचं! पावन्यावानी ऱ्हाती घरात. आवो, पावनं बी दुसऱ्या दिवशी मीठ मागून घेतंय.

पोरगा शेखर कंपनीत हाय. रविवारी सकाळी रस्त्याला ट्रक कमी असत्यात, तवा त्यो आन माझी नात इंदू सायकली काढून नदीकडं चक्कर मारून येत्यात. पूनम दारात उभी ऱ्हाती. दोघं वळनाआड गेली तरी उभीच. मी वट्यावरनं समदं बगत असतो. एकदा शेखरला म्हनलं, हिला बी घे की एक. तर हीच मदी पडली, "मला कशाला? उगीच खर्च." तोंडानं न्हाई म्हनत व्हती, पन नजर सायकलीवर. माझा जीव तुटला. म्हनलं, आता घ्यायचीच.

शेखर ओव्हरटाइमला गेला व्हता, म्हनून मी आन पूनम पिकअप घेऊन सांगवीला गेलो. दुकान मोनिका नावाच्या पोरीचं. बोलायला लई चुनचुनीत. "काका, घरच्यांबरोबर मजेत फिरायचंय ना? मग हायब्रिड बघा. हँडल उंच, पाठ वाकत नाही. टायर फार जाड नाही, फार बारीक नाही, खड्ड्यांतून पण जाते. आणि परवडते." हायब्रिड म्हनल्यावर मला ज्वारीच आठवली. तिला काय चव नसायची.

पैल्या सायकलीवर पूनमचं पाय टेकंनात. दुसरीला येवडं गिअर, की ती बिचकलीच. तिसरी हिरवी. बसली तर दोनी पाय बराबर जिमिनीवर. गल्लीत चालवून बगा म्हनली मोनिका. पैल्या फेरीला सायकल अशी डुलली, की माझा जीव खालीवर. दुसऱ्या फेरीला मातूर पोरगी वारा प्यायल्यागत आली! ओढनी उडतीया, केस तोंडावर, आन खळखळून हसतीया. देवाशपथ सांगतो, येवडं हसताना मी तिला घरात कधी बगितलं न्हवतं.

"आवडली का गं?"

उतरली, ओढनी सारखी केली. "तुम्ही म्हणाल ती, मामंजी."

डोसकं फिरलं माझं. पन म्हनलं जाऊ दे, पोरीचं मन कळलंय, आता सौदा आपला. मी निम्म्यानं मागितली. मोनिका म्हनली, "काका, एकच भाव आहे." असं समदेच म्हनत्यात! चाकणच्या बाजारात बैलं घेन्यात हयात गेली माझी. जनावर आवडलं तरी तोंड वाकडं करायचं, "ऱ्हाऊ द्या" म्हनायचं आन सरळ चालू पडायचं. वेपारी मागनं हाक मारतोच मारतो. मी तोंड वाकडं केलं, "ऱ्हाऊ द्या. चल गं पूनम," म्हनलं आन भायेर पडलो.

हाक काय येईना.

पिकअपपाशी गेलो. उगाच टायर बगितलं. आत बसलो, दार मुद्दाम जोरात आपटलं. तरी न्हाई. मंग आरशात बगितलं, तर एक बाप आन त्येची कालेजातली पोरगी दुकानात शिरली आन थेट त्या हिरवीपाशी जाऊन उभी ऱ्हायली. बाजूला वळून बगतो, तर शीट रिकामी. पूनम कुठाय? चार पावलं मागं ऱ्हाऊन चालायची सवय तिची, वाटलं आली आसंल.

तसाच उतरलो, धोतर सावरत पळत सुटलो. गेला माझा मान खड्ड्यात, म्हनलं, सांगंल तेवडं देतो. दारात पोचलो आन पाय जागीच थांबलं.

पूनम सायकलीचं हँडल दोनी हातानं घट्ट धरून उभी व्हती. त्या पोरीला सांगत व्हती, "ही माझी आहे. तुम्ही दुसरी बघा."

मला बगून लालबुंद झाली. नजर खाली गेली, पन हात काय सुटलं न्हाईत. "मामंजी, मला हीच पाहिजे. भाव कमी झाला नाही तरी हीच."

मोनिका काय म्हनत व्हती ते ऐकूच आलं न्हाई. पाकीट काढलं, समदं पैशे गल्ल्यावर ठेवलं. डोळं भरून आलं व्हतं, ते उपरन्यानं पुसलं. लाज वाटली न्हाई.

"अजून काय पायजे, पोरी? सांग."

"घंटी," ती म्हनली. "आणि हेल्मेट. इंदूसारखं."

"अजून?"

ती जरा घुटमळली. मंग पैल्यांदाच माझ्या डोळ्याला डोळा देऊन म्हनली, "रविवारी सकाळी तुमचा चहा तुम्ही करून घ्या."