धाकट्याने आधी उचलायचं

आमच्याकडे वाटणीची रीत सोपी आहे. थोरल्याने वाटे घालायचे आणि धाकट्याने आधी उचलायचं. म्हणजे थोरल्याला लबाडी करता येत नाही; केलीच तर चांगला वाटा धाकटाच नेणार. ही रीत ज्याने काढली तो फार भला माणूस असावा. त्याला आमच्या दशरथदादासारखा भाऊ नसावा.

आमचे वडील गुणाजी, म्हणजे अण्णा, गेले तेव्हा वाटण्यासारख्या दोनच गोष्टी मागे होत्या. कणकवलीजवळची आंबा-काजूची वाडी आणि एक विलायती दुनळी बंदूक. रस्त्याच्या कामावर आलेल्या कुणा गोऱ्या इंजिनियरला आमच्या आजोबांनी रानडुकरापासून वाचवलं, म्हणून मायदेशी जाताना तो ती देऊन गेला, अशी घरातली कथा. अण्णा गिरणीत लागल्यावरही शिमग्याला गावी जाऊन तिने पारध करत. जोगेश्वरीच्या आमच्या खोलीत दसऱ्याला ती पाटावर यायची. हळदकुंकू, झेंडूचा हार, सगळं. ‘ही बंदूक वाडीपेक्षा महाग,’ हे अण्णांचं वाक्य ऐकतच मी मोठा झालो.

दादाने वाटे घातले. एकीकडे वाडी, दुसरीकडे बंदूक.

“उचल बाळ,” तो म्हणाला.

इतकं मऊ बोलला की मलाच लाज वाटली. महागाची वस्तू मी नेत होतो आणि मोठा भाऊ हूं की चूं करत नव्हता. मी बंदूक उचलली, परवानाही रीतसर माझ्या नावावर झाला. त्यानंतर मुलुंडला त्याच्या घरी जायचं म्हटलं की मी मिठाईचा पुडा नेल्याशिवाय जात नसे. आपण भावाला लुबाडलं असं मला मनापासून वाटायचं.

पुढे दहिसरला एक नवी बिल्डिंग उभी राहत होती. सुलक्षणाने, माझ्या बायकोने, तिथला एक ब्लॉक पाहिला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीच्या प्रेमात पडली. एका खोलीत संसार केलेल्या बाईलाच ते प्रेम कळेल. बंदुकीच्या भरवशावर मी टोकन भरून मोकळा झालो. मग बंदूक घेऊन आम्ही दोघं घाटकोपरला चंद्रप्रकाश शेठच्या दुकानात गेलो. जुन्या बंदुका ओळखण्यात त्याच्यासारखा माणूस उपनगरात नाही, असं ऐकलं होतं.

शेठने बंदूक हातात घेतली आणि त्याचा चेहराच बदलला. चापाच्या वरच्या पत्र्यावर कोरलेले पक्षी त्याने अंगठ्याने पुसून पाहिले, कारागिराचं नाव वाचलं.

“असली माल आहे साहेब. हाताने घडवलेला. शंभर वर्षांचा तरी असेल.”

सुलक्षणाने माझ्या दंडाला चिमटा काढला. शेठने नळ्यांखालचं लाकूड काढलं, बंदूक मोडून नळ्या सुट्या केल्या आणि सगळे भाग कापडावर मांडले. भिंग घेऊन तो नळ्यांची खालची बाजू बघत राहिला. फार वेळ बघत राहिला.

“नळ्या कोणी बदलल्या?”

“बदलल्या म्हणजे?”

“हे बघा ना. अशा बंदुकीच्या सगळ्या भागांवर एकच नंबर असतो. चापापाशी हा, लाकडावर पण तोच. नळीवर दुसराच. आणि असली नळी लोखंडाच्या पट्ट्या पिळून बनवतात, तिच्यावर लाटा लाटा दिसतात. ही साधी नळी आहे. कोणीतरी घासून फिट केलीये.” त्याने भिंग खाली ठेवलं. “असली नळ्या असत्या तर तुमचा अर्धा ब्लॉक निघाला असता. आता ब्लॉकमधले पंखे येतील.”

बाहेर आल्यावर सुलक्षणा एवढंच म्हणाली, “टोकन गेलं.”

घरी बंदूक अशी मोडून कुणी उघडत नसे. पूजेचं शस्त्र मोडायचं नाही, असा अण्णांचा नियम होता. पण लहानपणी तर अण्णा स्वतः ती मांडीवर मोडून नळ्यांमधून तेलाचं फडकं ओढायचे, हे मला त्या फुटपाथवर उभ्या उभ्या आठवलं. नियम आला गिरण्यांच्या संपानंतर. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सुलक्षणाला घरी पाठवलं आणि मी तडक मुलुंड गाठलं.

रुक्मिणीवहिनीने दार उघडलं. दादा पेपर वाचत बसला होता.

“नळ्या कोणी बदलल्या?” मी विचारलं.

कसल्या नळ्या, असं त्याने विचारलं नाही. तिथेच मला सगळं कळलं.

“अण्णांनीच विकल्या,” तो म्हणाला. “संपात. एका शेटजीकडे अशीच बंदूक होती, नळ्या फुटलेली. त्याला दिल्या आणि या साध्या बसवून घेतल्या.”

“तुला माहीत होतं?”

“मीच गेलो होतो ना त्यांच्यासोबत. बाळाक सांगू नको म्हणाले, त्याका वायट वाटतला.”

म्हणजे बापाला माहीत, भावाला माहीत. इतके दसरे मी हात जोडत होतो आणि हे दोघं शेजारी उभे राहून बघत होते. अण्णांचा राग करायचीही आता सोय नव्हती.

“विकल्या कशाला?”

“तुझ्या डिप्लोम्याच्या सीटसाठी. पतपेढीचं कर्ज काढलं असं अण्णांनी तुला सांगितलं, तसलं कर्जबिर्ज काही नव्हतं रे. तुझा वाटा तू तेव्हाच खाल्लास.”

माझा सगळा आवेश गळून पडला. खाली बसलो. अण्णांचे ते संपातले दिवस डोळ्यांसमोर आले आणि रडूच फुटायला आलं. पण वाटणीच्या दिवशीचा तो मऊ आवाजही कानात होता.

“मग वाटे घालताना का नाही बोललास?”

“बोललो असतो तर तू वाडी उचलली असतीस.”

“नसती उचलली. तुझ्या पाया पडून तुलाच दिली असती, दादा.”

दादा हसला. लहानपणी मी खोटं बोललो की हसायचा, अगदी तसाच. आणि मी खरं बोलत होतो.