ठमीचा तिसरा कौल

"हिला पानी दावायचं न्हाई म्हनं. आन ह्यो मघाधरनं तिसरा तांब्या रिचवतोय."

पुटपुटणं अगदी कानाशी आलं म्हणून कल्याणीनं वळून पाहिलं. शेजारी साळुबाई उभी होती, सरपंच भगवंतची आई. पदराचं टोक दातात धरलेलं आणि नजर कूर्मबाबाच्या गळ्यावर. बाबाचा घोट खाली उतरला की म्हातारीची नजरही त्याच्याबरोबर उतरायची.

मारुतीच्या देवळापुढं सगळी वाडी लोटली होती. पेठच्या बाजाराला निघालेली माणसं वाटेतून माघारी फिरली होती, हमरस्त्याला टेम्पो उभे करून ड्रायव्हर बघायला आले होते. मोकळ्या रानात मधोमध पाट, पाटावर लाल कापड आणि कापडावर कासव. त्याच्या पाठीवरची पिवळ्या चांदण्यांची नक्षी हळद-कुंकवाखाली पार झाकून गेली होती.

कासव साळुबाईच्याच घरचं. धाकट्या लेकानं कुठल्याशा जत्रेतून आणलेलं. नातीनं, हर्षालीनं, नाव ठेवलं ठमी. परवापर्यंत ती परसातली ठमी होती. बाबा आला आणि तिची कूर्ममाता झाली.

झालं होतं असं, की सरकारनं वाडीला हातपंपाची एक बोअर मंजूर केली. भूजलवाले साहेब यंत्र घेऊन आले, उन्हातान्हात फिरले, आणि खालच्या अंगाला, बौद्धवस्तीच्या तोंडाशी चुन्याची फुली मारून गेले. खडकाला भेग तिथंच आहे, म्हणाले. वस्तीतल्या बायांना ते ऐकूनच डोक्यावरचं ओझं उतरल्यागत झालं. त्यांचं पाणी टेकाडामागच्या विहिरीतनं यायचं. तिच्याच पायऱ्यांवरून घसरून कल्याणीच्या सासूनं, द्रौपदानं, मनगट मोडून घेतलं होतं. कल्याणी ह्याच वस्तीतली, वाडीच्या शाळेत शिकवायची. शाळा सुटली की सासूच्या वाटचे हंडेही आता तीच आणायची.

पण भगवंतला एकाएकी शंका आली. यंत्रं चुकतात, म्हणाला. पंचांना ते लगेच पटलं. ज्या पंचांना चहात साखर किती यावर एकमत करायला अर्धा तास लागायचा, त्यांना हे लगेच पटलं, तिथंच कल्याणीच्या मनात पहिली पाल चुकचुकली. मग पाणाड्या बोलवायचं ठरलं. तळहातावर नारळ उभा करणारे, उंबराची काटकी घेऊन फिरणारे नेहमीचे पाणाडे सोडून घाटाखालनं हा कूर्मबाबा आला, आणि भगवंतच्या परसात ठमी दिसताच त्यानं तिच्यापुढं लोटांगण घातलं.

"पृथ्वी कशावर उभी हाय?" तो विचारायचा, आणि उत्तरही स्वतःच द्यायचा. "कासवाच्या पाठीवर. मग पृथ्वीच्या पोटातलं पानी कासवाला कळंल का तुमच्या बॅटरीच्या डबड्याला?"

कूर्ममातेचे तीन कौल घ्यायचे, तोवर तिला निर्जळी उपास. थेंबभर पाणी दाखवलं तरी शक्ती फुटते, असं त्यानं बजावलं. शक्ती फुटते म्हणजे नेमकं काय होतं हे कुणी विचारलं नाही. रांगोळीचे दोन चौक काढले होते, एक देवळाच्या कोपऱ्याला भगवंतच्या बांधालगत, दुसरा चुन्याच्या फुलीवर. ठमीला दोन्हींच्या मधोमध सोडायचं. ती जाईल तिथं बोअर. पहिला कौल देवळाकडं गेला होता. आज दुसरा.

बाबानं घंटा वाजवली. ठमीनं मान बाहेर काढली, हवेत नाक फिरवलं, आणि कासवाला न शोभणाऱ्या घाईनं ती थेट देवळाच्या चौकाकडं निघाली. चौकात पोचून तिनं तोंड मातीला टेकलं ते उचलेचना.

"नमस्कार करतीय," कुणीतरी म्हणालं, आणि अर्धी गर्दी खाली वाकली.

कल्याणी वाकली नाही, त्यामुळं तिला नीट दिसलं. ठमी मातीत नाक खुपसत होती.

तिनं मग जमीन बघितली. देवळाच्या चौकाला वरच्या आळीतल्या बायांनी शेणाचा दाट सडा घातला होता, आणि चौकाच्या मध्यावर बाबा रोज चादरीचा आडोसा करून स्वतः कसलीशी स्थापना करायचा. फुलीवरचा चौक मात्र ठणठणीत कोरडा. तिथं सडा घालायला खालच्या अंगाला कोण जाणार, म्हणून आळीतलं कुणी गेलं नव्हतं. आणि वस्तीतल्या बायांनी असले विधी कधीच सोडून दिले होते. हे सगळ्यांना दिसत होतं. वावगं कुणालाच वाटलं नाही. तिकडं जायचं नसतं, ही गोष्ट लोकांच्या इतकी अंगवळणी पडली होती की तिचा कौलाशी काही संबंध असेल हे डोक्यातच आलं नाही.

सांजेला ऊन कललं तशी कल्याणी साळुबाईच्या परसात गेली. म्हातारी डालं उचलून ठमीकडं बघत बसली होती. ठमीचे डोळे खोल गेले होते, मानेची कातडी लोंबत होती.

"आजी, एरवी ही पाणी किती पिते?"

"पिती कशाची, बसती," साळुबाई म्हणाली. रोज सकाळी परातीत कोमट पाणी, हनुवटीला लागेल एवढंच; जास्त झालं तर घाबरते. उन्हाळ्यात दोनदा. बसल्या बसल्या डोकं बुडवून घोट घेते, मग त्यातच घाण करते, की पाणी बदलायचं. हे सगळं सांगताना म्हातारीचा आवाज नातवंडांबद्दल बोलल्यागत झाला होता. "लेकाला म्हनलं मरंल ती. तर म्हनला, आई, तू गप ऱ्हा."

तेवढ्यात ठमी डाल्याखालनं सुटली आणि सरळ रांजणाकडं निघाली. रांजणाच्या बुडाशी झिरपून ओल आली होती. तिथं जाऊन तिनं मातीत तोंड खुपसलं, देवळापुढं खुपसलं होतं तस्संच.

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. साळुबाई उठली आणि परात घेऊन आली.

ठमी किती तरी वेळ पीत होती. मान आत-बाहेर, आत-बाहेर.

"आजी, शक्ती फुटली," कल्याणी म्हणाली.

"फुटू दे. परात तर शाबूत हाय."

हसता हसता कल्याणीनं विचारलं, उद्या हे चारचौघांत सांगाल का. साळुबाईचं हसू मावळलं. "लेक हाय माझा तो," एवढंच ती बोलली.

तिसऱ्या दिवशी गर्दी आणखी मोठी. बाबानं घंटा वाजवली. ठमीनं मान बाहेर काढली, गर्दी बघितली, लाल कापडावरची झेंडूची पाकळी खाल्ली आणि मान आत घेतली. बाबानं पुन्हा घंटा वाजवली, मंत्र म्हटला, बोटानं ढोसलं. ठमीला आता कुठंही जायची निकड नव्हती.

बाबाचा चेहरा क्षणभर पडला, मग आवाज चढला. "इटाळ झालाय. काल सांजच्याला मातेवर कुनाची तरी सावली पडलीय."

नाव त्यानं घेतलं नाही. घ्यावं लागलं नाही. कल्याणीला त्या परसात शिरताना आळीनं पाहिलं होतं. डोळे एकेक करून कल्याणीकडं वळले. द्रौपदा, मोडका हात गळ्यातल्या झोळीत अडकवलेली, सुनेच्या अंगाला अंग लावून उभी राहिली.

कल्याणी देवळाच्या चौकाकडं चालत गेली, खाली बसली आणि हातानं माती उकरू लागली. "बाई, मांडणी मोडू नका," बाबा ओरडला, पण तोवर हाताला लागलं होतं. तिनं ओढलं. निथळतं गोणपाट वर आलं.

"ही स्थापना," ती म्हणाली. वर्गात बोलायची तशी, सावकाश. "जिवाला दिवस दिवस तहानलेलं ठेवायचं आणि एका बाजूला ओल पुरायची. ते ओलीकडंच जाणार. ह्यात देव नाही, तहान आहे. खाली खडकात काय आहे ते ठमीला ठाऊक नाही, बाबाला ठाऊक नाही. ज्यांनी यंत्र लावून मोजलं त्यांना ठाऊक आहे. त्यांच्यावर शंका असेल तर पुन्हा बोलवा, समोर उभे राहून मोजून घ्या, विचारा. विचारायला बंदी नाही. पण इथं बोअर कोरडी गेली तर दुसरी मिळायची नाही, आणि मग वाडीतल्या सगळ्याच बायांनी ती टेकाडामागची वाट धरायची."

बाबानं पिशवी कधी उचलली ते कुणी पाहिलं नाही. त्याच्यामागं कुणी गेलंही नाही. सगळे भगवंतकडं बघत होते.

भगवंतनं घसा साफ केला. "बाबा लबाड निघाला, कबूल. पन बोअर हितंच बरी. देवळाची सावली हाय. समद्यांना मधी पडतंय."

मधे पडत नव्हतं. पंच तरीही माना हलवू लागले. एकजण म्हणाला, इथं रस्ता चांगला आहे. दुसरा म्हणाला, खाली पावसाळ्यात चिखल होतो. तिसरा नुसताच हो म्हणाला.

साळुबाई गर्दीतनं पुढं आली. तिनं ठमीला उचललं आणि पदरानं तिच्या पाठीवरचं कुंकू पुसायला लागली.

"पानी मी पाजलं हिला. कुनाची सावली न्हाई आन काय न्हाई." मग मान वर न करता ती लेकाशी बोलली. "चिखलाचं नि रस्त्याचं कशाला सांगतूस, भगवंता. बोअर खाली पाडली तर आपल्या बायांना त्यांच्या रांगंत, त्यांच्या मागं हंडा लावावा लागंल. येवढंच हाय ते. दुसरं कायबी न्हाई."