ड्रागिशाचा रकाना

सन २०१९, मे महिन्याची सहा तारीख, संत जॉर्जचा दिवस. माँटेनेग्रोतील निक्शिच शहराच्या वरच्या डोंगरात, वृद्ध गाव्रिलोच्या घरी, कुलसंताच्या मेजवानीस दुपारी आरंभ झाला. पाद्री पावावर वाइन ओतून, आशीर्वाद देऊन निघून गेले होते. संताच्या तसबिरीशेजारी, गाव्रिलोच्या वडिलांनी युद्धातून आणलेले पिस्तूल नेहमीप्रमाणे खिळ्याला टांगलेले होते. चार वर्षांपूर्वी त्याच्याच गोळीने घरचा धाकटा मुलगा ड्रागिशा गेला होता. साफ करताना गोळी सुटली, असे आम्ही सर्वांनी सांगितले होते. आम्ही, म्हणजे मीही; मी ड्रागिशाचा कूम, त्याच्या लग्नातला धर्मबंधू.

विषय काढला तो रोसांदाने, ड्रागिशाच्या विधवेने. थोरला दीर मिलोन्या हा इतिहासाचा निवृत्त शिक्षक. तो सणापुरता राजधानीहून आला होता.

"भावोजी, महिनाअखेरपर्यंत पोलीस हत्यारं जमा करून घेताहेत. काही विचारत नाहीत. हे देऊन टाका."

"आजोबांचं पिस्तूल? पोलिसांना? उद्या त्यांच्या फोटोतली मिशीही कापून देशील!"

"काल मी दूध घेऊन आत आले, तर ते बाबांच्या मांडीवर होतं. गोळ्या भरलेलं."

गाव्रिलो ताटाकडे पाहत होता. मिलोन्याने वडिलांकडे पाहिले नाही.

"आठवण येते त्यांना, दुसरं काय? आणि हत्यारांचं एवढं भय घेऊ नकोस. आकडे बघ. अमेरिकेत दर लाख माणसांमागे वर्षाला बारा जण गोळीनं मरतात. आपण त्यांच्या खाली आहोत, आणि आपल्याकडे तर घरोघरी हत्यार!"

"आणि जपान?" मी विचारले.

"जपान सोडा हो, कूम! तिथं भिंतीवर पंखे टांगतात!"

मीही हसलो. रोसांदा हसली नाही. मिलोन्याचे आकडे मनचे नव्हते, हे मान्य केलेच पाहिजे; पण ज्या मोजणीत आपला देश वर चढेल ती तो दर वेळी बाजूला टाकत होता. प्रथम त्याने सणासमारंभात हवेत झाडलेल्या गोळ्या वगळल्या, मग घरातले अपघात, आणि शेवटी ज्यांनी स्वतःच गोळी झाडून घेतली ते.

"त्यांचा रकाना वेगळा," तो म्हणाला. "स्वतःला मारणारा दोरीनंही मरतो. त्याचा दोष पिस्तुलाला का?"

"आणि ड्रागिशा?" रोसांदाने विचारले. "त्याला कुठल्या रकान्यात घातलंत?"

"अपघाताच्या. आणखी कुठल्या?" मिलोन्याचा आवाज खाली आला. "स्वतःच्या हातानं गेलेल्याला पाद्री माती देत नाहीत, हे तुला शिकवायला हवं? तो अपघात होता, रोसांदा. विषय संपला."

गाव्रिलोने हातातला काटा ताटाच्या कडेला ठेवला.

"तो ते साफ करत नव्हता," तो म्हणाला. "आदल्या दिवशी मीच साफ केलं होतं. तेल घातलं, भरलं, आणि परत खिळ्याला लावलं."

"बाबा, कूम बसलेत," मिलोन्या म्हणाला.

"बसू दे की. त्यानंच खांदा दिला होता."

संतासाठी लावलेली मेणबत्ती अर्ध्यावर आली होती. ती आपोआप विझेपर्यंत जळू द्यायची असते; आम्ही सगळे तिच्याकडेच पाहत राहिलो. रोसांदा उठली, खुर्ची भिंतीपाशी ओढून तिच्यावर चढली, आणि पिस्तुलाला हात लावण्यापूर्वी सासऱ्याकडे वळून पाहू लागली.

"काढ, पोरी," गाव्रिलो म्हणाला. मग तो थोरल्या मुलाकडे वळला. "तुझी अमेरिका असू दे तिकडं. हे घरात राहिलं तर मी राहणार नाही. आजच पोलिसांकडे घेऊन जा."