जुनी चिठ्ठी

"ती चिठ्ठी काढ आधी," डॉक्टर फाहरिझोन म्हणाला. "चिमटा घे आणि काढ."

युस्निमारने चिमट्याला हात लावला नाही. टेबलावर काचेची कुपी होती. कुपीत स्पिरिट, स्पिरिटात पाय आखडलेला एक दांडगा कोळी, आणि त्याच्या पायाशी तिच्याच हातची शिसपेन्सिलीची चिठ्ठी. गाव लुबुक सिरिह, झऱ्यावरची दरड, तारीख, आणि खाली शोधणाऱ्याचं नाव : युस्निमार.

"जुनी चिठ्ठी काढत नसतात, डॉक्टर. नवी घालायची तर शेजारी घाला."

"हे आता तू मला शिकवणार? स्पिरिट भरणारी बाई?"

"स्पिरिट भरते म्हणून तर तुमचे कोळी अजून कुजले नाहीत."

डॉक्टरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. वयाने तो तिच्याहून चौदा वर्षांनी लहान. त्या डोंगराळ शहरात तिला फाटकावरचा पहारेकरीसुद्धा 'उनी' म्हणे, म्हणजे ताई. हा मात्र आल्या दिवसापासून नुसतं 'युस' म्हणायचा, आणि तेही हाक मारल्यासारखं नाही, हाकलल्यासारखं.

एकोणतीस वर्षं ती संग्रहालयाच्या मागच्या दोन खोल्यांत होती. अकरा हजार बाटल्या. कुठल्या बाटलीचं बूच सैल आहे आणि कुठलीतलं स्पिरिट उन्हाळ्यात उडतं, हे तिला अंधारातही सांगता आलं असतं. जुने प्रमुख पाक बख्तार, म्हणजे बख्तारबाबा, यांनी तिला दोनच गोष्टी शिकवल्या होत्या. लिहायचं ते शिसपेन्सिलीनं, आणि बाटलीत एकदा गेलेली चिठ्ठी कधी बाहेर काढायची नाही. चुकीची असली तरी नाही. "चिठ्ठी म्हणजे मेलेल्याची जीभ, पोरी," म्हातारा म्हणायचा. "ती उपटलीस तर पुढे कुणी विचारल्यावर तो बिचारा सांगणार काय?" म्हातारा जाऊन आणि त्याच्या खुर्चीत हा डॉक्टर बसून सहा वर्षं झाली होती.

डॉक्टरचं दुखणं वेगळंच होतं. सरकारी पैशावर चौदा माणसं घेऊन तो वीस दिवस मोठ्या डोंगरावर जाऊन आला होता, आणि आणलं काय, तर जळवा आणि सर्दी. वरचे साहेब अहवाल मागत होते. नेमका तेव्हाच युस्निमारने गावाहून हा नर आणला. भिंगाखाली त्याच्या तोंडाजवळचे अवयव पाहिले आणि डॉक्टर खुर्चीतून उठलाच. नवी जाती कुणीही काढतो, वर्षाला दहा निघतात. इथे अख्खी प्रजातीच, म्हणजे जातींचं सगळं कुळच, नवी होती. झालं! डॉक्टरने ठरवून टाकलं की हा कोळी डोंगरावर सापडला, आणि तोही त्यालाच.

"हवं तर माझं नाव काढा," युस्निमार आता खालच्या आवाजात म्हणाली. "पण गावाचं राहू द्या. दरडीवर रस्तावाल्यांनी लाल खुणा मारल्यात. गावप्रमुख म्हणतो, संग्रहालयाचा छापील कागद आण, त्यात आपल्या गावाचं नाव असलं तर मी रस्ता पलीकडून वळवायला लावतो. त्यासाठीच तर आणला मी हा. त्या दरडीत याची चाळीस बिळं आहेत, डॉक्टर, प्रत्येकाला झाकणासारखं दार. जगात दुसरीकडे असतील की नाही, देव जाणे."

"लोकांना रस्ता हवाय. कोळी काय मतं देणार आहेत?"

"मतं नाही देत. पण खोटंही नाही बोलत."

"उद्यापासून फाटकावर बसून तिकिटं फाडायचीत का? मग इथल्या बाटल्यांचं काय व्हायचं ते होऊ दे."

हे मात्र वर्मी बसलं. तिच्यामागे या बाटल्यांना कोण होतं? दोन उन्हाळ्यांत निम्म्या कोरड्या पडल्या असत्या. तिने चिमटा उचलला आणि चिठ्ठी बाहेर काढली. अगदी सफाईनं काढली, आणि त्या सफाईचीच तिला नंतर वर्षभर लाज वाटत राहिली.

डॉक्टरने यंत्रावर छापलेली सुबक चिठ्ठी आत सोडली. डोंगराचं नाव, उंची, स्वतःचं नाव, पदवीसकट.

"डॉक्टर, ही छापील अक्षरं स्पिरिटात..."

"तोंड बंद!"

बरं. बंद तर बंद.

त्याने जुनी चिठ्ठी चुरगळून टोपलीत फेकली. तो गेल्यावर तिने ती काढली, सारखी केली आणि कोपऱ्यातल्या फळीवरच्या एका बाटलीत ठेवली. त्या बाटलीत प्राणी नव्हता. ज्यांचे किडे, बेडूक, मासे कधीच नाहीसे झाले होते, अशा अनाथ चिठ्ठ्या पाक बख्तारांनी तिच्यात जपल्या होत्या.

शोधनिबंध छापून आला. प्रजातीला खात्याच्या सचिवाचं नाव दिलं होतं. सचिवसाहेब स्वतः आले, आठ पायांचा केक कापला, आणि डॉक्टरने पावसापाण्यात दरीत उतरून कोळी कसा पकडला याचं रसभरीत वर्णन केलं. चहा युस्निमारने वाटला. डॉक्टरच्या कपात साखर घालायला ती विसरली, म्हणजे मुद्दामच विसरली.

निबंध आणि बाटलीतली ती चिठ्ठी घेऊन ती गावी गेली. गावप्रमुखाने चष्मा लावून पानं पुढे-मागे उलटली.

"उनी, यात आपलं गाव कुठंय? हे तर डोंगराचं नाव."

तिने खिशातून चिठ्ठी काढून पुढे धरली.

"शिसपेन्सिलीनं काय, मीही लिहून देईन," तो म्हणाला. त्याचं तरी काय चुकलं? चिठ्ठी परत बाटलीत गेली, आणि पुढच्या महिन्यात रस्त्याची यंत्रं आली.

वर्षभराने बँकॉकहून प्रोफेसर सुनांता आल्या. सत्तरीची बुटकी बाई. उभं आयुष्य याच कोळ्यांत गेलेलं. डोंगरावर त्यांनी चार दिवस माती उकरली होती. एकही बीळ मिळालं नव्हतं.

"इतक्या उंचीवर हा राहतच नाही," त्या डॉक्टरला म्हणाल्या. "मूळ नमुना दाखवा."

युस्निमारने कुपी आणून ठेवली. प्रोफेसरबाईंनी ती उजेडात धरली आणि भुवया चढवल्या. आतली चिठ्ठी पांढरीफटक होती. अक्षरं सुटून तळाशी बसली होती, काळ्या तिळांसारखी. बाईंनी कुपी जरा हलवली, तशी डॉक्टरची पदवी वर उठून कोळ्याच्या पायांत अडकली.

"हा आला कुठून?" बाईंनी विचारलं. "नाव नका सांगू. जागा सांगा."

डॉक्टर युस्निमारला दाराशी घेऊन गेला. "उनी," तो म्हणाला. सात वर्षांत पहिल्यांदा. "उनी, तुझ्या हातची एक चिठ्ठी लिहून दे. जुनी दिसेल अशी. डोंगराच्या पायथ्याची जागा टाक, माझं नाव टाक. तुझं मी बघून घेईन."

"माझं तुम्ही बघितलंयत की," ती म्हणाली.

ती फळीपाशी गेली, अनाथांची बाटली उघडली आणि चुरगळलेली चिठ्ठी प्रोफेसरबाईंच्या हातात दिली. बाईंनी ती दोनदा वाचली, मग डॉक्टरकडे पाहिलं. डॉक्टर खिडकीबाहेर बघत होता.

"ही जागा दाखवशील मला?" बाईंनी युस्निमारला विचारलं.

"चला."

तिघं दुपारी लुबुक सिरिहला पोचली. झरा होता तिथे नळ होता. दरड होती तिथे पुरुषभर उंचीची सिमेंटची भिंत होती, लांबच लांब, पाणी निघायला नळ्या ठेवलेली. युस्निमार भिंतीला हात लावत चालली आणि तिसऱ्या नळीपाशी थांबली.

"इथे. या दोन हात जागेत अकरा दारं होती. सकाळी आंघोळीला यायचे, तर दाराबाहेर ताणलेल्या धाग्यांवर दव असायचं."

प्रोफेसरबाईंनी गार सिमेंटवर तळवा टेकवला. बराच वेळ काढला नाही.

"तेव्हाच सांगायचं होतंस," डॉक्टर पुटपुटला.

इतका राग युस्निमारला आयुष्यात आला नव्हता, आणि इतका निरुपयोगी रागही.

परतल्यावर तिने पेन्सिलीला टोक काढलं. जाड कागदाचा तुकडा कापला आणि लिहिलं : लुबुक सिरिह, तीच जागा. सिमेंटची भिंत. शोधलं, मिळाला नाही. खाली तारीख आणि नाव.

जुनी आणि नवी अशा दोन्ही चिठ्ठ्या ती कुपीत सोडू लागली, तसा मागून डॉक्टरचा आवाज आला. पडलेला.

"ती कोरी तरी काढून टाक, उनी."

"जुनी चिठ्ठी काढत नसतात, डॉक्टर," ती म्हणाली, आणि कुपी काठोकाठ भरून तिने बूच घट्ट लावलं.