पाटीभर कोळसा

वसुंधराने पोलादी भांड्याच्या झाकणाचे आठही नट पान्याने सैल केले, तशी आत कोंडलेली हवा फुस्सकन बाहेर आली. करपलेल्या गुळाचा वास शेडभर पसरला. पुढे कितीतरी वर्षं घरात पाक जरा लागला, की तिला ती सकाळ आठवायची.

बाभळीच्या ढलप्या पाण्यात बुडवून, झाकण आवळून, काल आठ तास दोनशे अंशांवर ठेवल्या होत्या. तेवढ्या दाबाखाली लाकूड अंगातलं पाणी सोडतं आणि कोळशाकडे झुकतं. ना भट्टी, ना धूर. प्रभाकर सरांची तीन वर्षं या भांड्यात गेली होती.

तिने एक ढलपी उचलली. चॉकलेटी, भुसभुशीत. बोटांतच चुरली.

दाराशी शुक्री बसली होती. आपटा गावाच्या वरच्या कातकरी वाडीतून ती एसटीने पाटीभर कोळसा घेऊन आली होती. सरांनीच मागवला होता, एका परातीत भांड्यातला आणि शेजारच्या परातीत भट्टीतला असा ठेवून दाखवायला.

"सायेब तुमचं भांडं पास करतील काय, बाय?"

"बघू."

"पास झालं का आमच्या भट्ट्या बंद, फारेष्टवाला बोलला. मंग आमी काय कराचं? भांड्यात बसाचं?"

दोघीही हसल्या. तेव्हा हसता आलं.

सर आले. परातीतला चुरा पाहून त्यांचा चेहरा उतरला. मंजुरी देणारे साहेब तासाभरात यायचे होते. ते वसुंधराला आतल्या खोलीत घेऊन गेले.

"आपल्या परातीत तिच्या पाटीतला भरा. भट्टीच्या परातीत समोरच्या इस्त्रीवाल्याकडचा रद्दी कोळसा टाका."

"सर, पण..."

"भांडं खरं आहे, वसुंधराबाई. आजचा दिवस निभवा."

वसुंधराची नोकरी अजून कच्ची होती. तिने शुक्रीची पाटी आत नेऊन पराती भरल्या.

साहेब आले. त्यांना कोळशातलं काही कळत नव्हतं. त्यांची नजर दाराकडे गेली.

"ही कोळसा पाडते ना? मग तिलाच विचारू. कुठला कुठला ते सांगू नका."

शुक्रीने हात पदराला पुसले. पहिल्या परातीतले दोन तुकडे तिने एकमेकांवर आपटले. ठप्प आवाज आला.

"कच्चा हाय. कुनी पाडला यो?"

मग दुसऱ्या परातीतले आपटले. खण्ण! काच वाजावी तसे.

"यो!" तिचा चेहरा उजळला. "यो खरा कोळसा. दाबून, राखून पाडलाय. याला नाव ठेवाला जागा नाय."

"म्हणजे भांड्यातला जिंकला," साहेब म्हणाले आणि त्यांनी लिहून घेतलं. सर त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले.

शुक्रीच्या हातात एक तुकडा राहिला होता. तिने तो उलटून पाहिला, नाकाशी नेला. धूर न करणाऱ्या भांड्यातल्या कोळशाला भट्टीच्या धुराचा वास होता. तिने वसुंधराकडे पाहिलं. वसुंधरा खाली बसून नट गोळा करत होती.

शुक्रीने तुकडा परातीत ठेवला, होता तिथेच.

"माझी पाटी दे, बाय. एसटी जाल."

वसुंधराने पाटी आणली. तळाशी काळी पूड उरली होती. ती झटकायला गेली, तर शुक्रीने पाटी तिच्या हातातून काढून घेतली.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तेवढी माझी हाय."