खिरीचं आमंत्रण

सत्तरीला टेकलेले त्र्यंबक गणपुले कधीकाळी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मॅनेजर होते. दोन वर्षांपूर्वी बायको गेली आणि डोंबिवलीच्या घरात त्यांच्याशी बोलायला प्रेशर कुकर तेवढा उरला. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी जिममध्ये चालायला धाडलं. तिथे पोरं घोळक्याने खिदळायची. काकांना काळं कुत्रंही विचारत नसे. एकटं असणं एकवेळ चालेल, पण ते चारचौघांना दिसावं हे गणपुल्यांना फार लागायचं.

मग टोरांटोहून मुलाने, साकेतने, तो चष्मा पाठवला. काळा, जाडजूड. घातला की डोळ्यांपुढे हवेत व्हिडिओ चालतो, आवाज कानात येतो, आणि मागची जिम पुसट दिसत राहते. मोठी सोय झाली. आता गणपुले एकटे दिसेनात, कामात दिसू लागले. ट्रेडमिलवर ते रोज एकच जुना व्हिडिओ लावत. त्यात नात सान्वी काहीबाही सांगायची, हे मान डोलवायचे. शेवटी ती विचारायची, "आजोबा, येणार ना आमच्याकडे?" आणि गणपुले मोठ्याने म्हणायचे, "हो हो, नक्की येणार!" साकेतने मात्र तो विषय पुन्हा काढला नव्हता.

एका सकाळी चष्मा चार्ज करायचा राहिला. नुसत्या डोळ्यांनी ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चढले, तर शेजारी पंचेचाळिशीचे एक टापटीप गृहस्थ चालत होते. गणपुल्यांनी धीर केला.

"नमस्कार. नवीन आलात वाटतं?"

गृहस्थांनी वळून पाहिलं. "दोन महिने झाले, काका. रोज तुमच्या शेजारीच चालतो. राजरत्न तांबे. विठ्ठलवाडीहून इकडे राहायला आलो, मुलगी अमृता बँकेत लागली, सगळं सांगितलेलं तुम्हाला. तुम्ही मान डोलवायचात."

"मला सांगितलंत?"

"काळा चष्मा बघून वाटलं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. म्हटलं, कंटाळत असतील, चार शब्द बोलावं."

"अहो, तो मोतीबिंदूचा नव्हे! त्यात व्हिडिओ दिसतात, ऐकू येतात..." बोलता बोलता गणपुल्यांना स्वतःलाच ती थाप वाटू लागली.

"बुद्धपौर्णिमेला घरी खीर खायला बोलावलेलं," तांबे म्हणाले. त्यांचा आवाज जराही चढला नाही. "तुम्ही म्हणालात, हो हो, नक्की येणार. बायको चार वाजेपर्यंत जेवायची थांबलेली. शेवटी मीच म्हटलं, अगं, आपल्याकडे येतो म्हणतात आणि येत नाहीत. आपल्याला काय नवीन आहे?"

ते 'आपल्याकडे' गणपुल्यांच्या जिव्हारी लागलं. बायको गेल्यापासून त्यांना कुणी जेवायला बोलावलं नव्हतं. बोलावलं ते या एका घराने, आणि त्यांचं न येणं त्या घराने जातीवर घेतलं. घेणारच. ज्यांनी जन्मभर तेच पाहिलं, त्यांनी आणखी काय समजावं?

"मी आज येतो," गणपुले म्हणाले. "आत्ता येतो. नुसती चटणी-भाकरी असली तरी..."

तांब्यांनी पट्टा बंद केला, टॉवेल खांद्यावर टाकला आणि ते अगदी सभ्यपणे हसले.

"या ना, काका. बघू. पुन्हा कधीतरी."

पत्ता त्यांनी सांगितला नाही, आणि गणपुल्यांना विचारता येईना. तो त्यांना एकदा सांगून झालेला होता.